जावई रुसला पाहिजे

पातूरचे केशवराव मयताला गेले की लोक त्यांना मागच्या रांगेत उभं करतात. पुढे उभे राहिले तर खांदेकऱ्यांना हसू आवरत नाही. ते स्वतः काही बोलत नाहीत बिचारे, नुसते बघतात. पण साठीच्या माणसाने एवढ्या निरागस डोळ्यांनी बघायचं म्हणजे आत काहीतरी शिजत असणार, हे गावाला अनुभवाने ठाऊक झालेलं आहे.

तसा माणूस कष्टाळू. गावाबाहेर छोटासा मळा, त्यात झेंडू, वांगी आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. पहाटेच्या गाडीने माल अकोल्याच्या बाजारात न्यायचा, दुपारी परत यायचं, उन्हं उतरली की पाणी द्यायचं. यातून उरलेला वेळ ते लोकांची फजिती करण्यात घालवतात, आणि तो वेळ बराच उरतो.

त्यांच्या पुतणीच्या लग्नातली गोष्ट अजून सांगतात. नवरदेव ऐन पंगतीत रुसला. मोटारसायकल मिळाल्याशिवाय घास तोंडात घालणार नाही म्हणाला. मुलीचा बाप हात जोडून उभा, बायका रडकुंडीला आलेल्या. केशवरावांनी खिशातून एक किल्ली काढली, तिला हळदकुंकू लावलं आणि नवरदेवाच्या हातावर ठेवली. म्हणाले, "जेवा आता निवांत." नवरदेव पोटभर जेवला, वर बासुंदी दोनदा मागून घेतली. ती किल्ली विहिरीवरच्या पंपाच्या खोलीची होती, हे त्याला वरात निघाल्यावर कळलं. तो आता दोन पोरांचा बाप आहे, पण केशवरावांनी खिशात हात घातला की अजून दचकतो.

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं जुनी माणसं म्हणून गेली. केशवरावांचा अभ्यास त्याच्या पुढचा. त्यांच्या मते या ग्रहाला काही मागितलं की तो वक्री होतो, आणि शेजारच्या ग्रहाला काही दिलं की आपोआप मार्गी लागतो. हे ज्ञान त्यांनी वर्षानुवर्षं करमणुकीसाठी वापरलं. ते पोटच्या पोरीसाठी वापरायची पाळी येईल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

त्यांना दोन मुली. थोरली करिश्मा अचलपूरला दिलेली. तिचा नवरा धर्मेंद्र, भांड्यांचं दुकान, गोल पोट, गोल स्वभाव. धाकटी पौर्णिमा चांदूर बाजारला दिलेली. तिचा नवरा विपुल, संत्र्याची बाग, ताठ मान, कमी बोलणं. पौर्णिमा अकोल्याला कॉलेजात असताना तिथे एकदा सगळ्या मुलींचं रक्त तपासलं होतं, आणि त्यात ती सिकलसेलची वाहक निघाली होती. वाहक म्हणजे स्वतःला काही त्रास नाही. घरचं काम, शेतचं काम, सगळं नीट. पण नवराही वाहक असला, तर पोटी येणाऱ्या लेकराला तो आजार पुरा होऊ शकतो.

हा आजार केशवरावांना पुस्तकातून कळलेला नव्हता. त्यांच्या बहिणीचा मुलगा थंडी पडली की हाडं धरून रडायचा. मोठ्ठा बाप्या झाला तरी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडायचा. अकोल्याच्या दवाखान्यात त्याच्या उशाशी केशवरावांनी कितीतरी वेळा जागरण केलं होतं, आणि त्याला हसवायचा प्रयत्न करून करून ते हरले होते. त्यांच्या आयुष्यात हसला नाही असा तो एकच माणूस.

म्हणून पौर्णिमेचं कळल्याबरोबर त्यांनी स्वतःचं आणि बायकोचं रक्त तपासून घेतलं. खोट त्यांच्याकडूनच आलेली निघाली. त्यांनी ती लपवली नाही. पारावर बसून सांगितली. "मी अर्धा हाय," म्हणाले, "आता कोनी मले पुरा शहाना समजू नका." लग्न ठरतानाही त्यांनी मध्यस्थाला सगळं सांगितलं होतं. मध्यस्थ म्हणाला, होईल सगळं, पाहू नंतर. मध्यस्थांचं 'नंतर' कधी उजाडतं, ते आपल्याला माहीतच आहे.

लग्नाला वर्ष झालं. अमरावतीच्या डॉक्टरीणबाई पौर्णिमेला म्हणाल्या, मूल होऊ देण्याआधी नवऱ्याला घेऊन या, त्याचंही रक्त बघू. पौर्णिमेने घरी सांगितलं. विपुल म्हणाला, "मले काय झालं? संत्र्याचे दोन कॅरेट एका दमात उचलतो मी." त्याचं म्हणणं अगदीच वेडगळ होतं असं नाही. चांदूर बाजारात नवा नवरा असल्या तपासणीच्या दारात दिसला, की लोक एकच अर्थ काढतात, आणि तो अर्थ संध्याकाळपर्यंत भाजीबाजारातून फिरून पानठेल्यावर पोचलेला असतो.

केशवरावांनी आधी सरळ मार्ग धरून पाहिला. एरवी ते त्या मार्गाला फारसे जात नाहीत. चांदूर बाजारला जाऊन ते विपुलच्या आईसमोर, मैनाबाईंसमोर, हात जोडून बसले. विपुलचे वडील नत्थुजी पेपर वाचत होते, ते विषय निघाल्याबरोबर पेपराच्या आणखी आत शिरले. मैनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "याहीबुवा, पोरगी तुमची, खोट तुमची, अन सुई आमच्या पोराले? हे कुठलं शास्तर म्हनाचं?"

केशवरावांच्या जिभेवर तीन उत्तरं तयार होती, एकापेक्षा एक झोंबणारी. पण लेकीच्या सासरी बापाने जीभ दाताखाली ठेवायची असते. ते उठले. पौर्णिमा त्यांना पोचवायला बस स्टँडवर आली.

"बाबा," ती म्हणाली, "सासूबाई रोज पाळन्याचं काढतेत. मी रोज टाळून राहिली. यायच्या रक्तात नसन तर काही भेवच नाही. पर असन तर? आत्याच्या पोराचे हाल म्या पायले. मले मुद्दाम तसं लेकरू जन्माले नाही घालाचं. अन मी टाळतच रायली तर म्हनतीन, इले लेकरूच होत नाही."

गाडी आली, केशवराव चढले, आणि अमरावतीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. त्यांना राग येत होता. मैनाबाईंचा येत होता, विपुलचा येत होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, की आपलं रक्त पोरीला आणि पोरीचं दुःख परक्यांच्या हातात. बडनेरा मागे पडल्यावर त्यांच्या मनात एक विचार आला. मूर्तिजापूरला त्याला फांद्या फुटल्या. अकोल्याला उतरेपर्यंत त्यांचे डोळे पुन्हा निरागस झाले होते.

यंदा अधिक महिना जेठात आला होता. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. या महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, पुरण भरून वाफवलेले धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं, कपडालत्ता करायचा. वर्षभर जावई फक्त ग्रह असतो, या महिन्यात देव होतो.

अकोल्यात नागसेन नावाचा एक तरुण रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होता. घराघरांत जाऊन नमुने घ्यायचा, आणि सणावाराला झेंडू केशवरावांकडूनच न्यायचा. केशवरावांनी त्याला बेत सांगितला. नागसेनने हात झटकले.

"काका, फसवून सुई टोचता येत नाही. कशासाठी रक्त घेऊन राहिलो ते मी सांगनार, अन मानूस आपल्या तोंडानं हो म्हनला तरच घेईन. रिपोर्ट बी त्यालेच देईन, तुमाले नाही."

"तू सांग ना बापा सगळं," केशवराव म्हणाले. "हो म्हनाचं काय घेऊन बसला? तो मागून घेईन."

"अन नाही मागितलं तर?"

"जवाई हाय तो, नागसेन. तुह्यं अजून लगन व्हाचं हाय, तुले नाही समजाचं."

मग त्यांनी धर्मेंद्रला फोन लावला. थोरला जावई म्हणून बेतात त्याची गरज होती. त्याला सगळं खरं सांगितलं. धर्मेंद्र मनाने चांगला, मेहुणीसाठी काहीही करायला तयार, फक्त सुईचं नाव काढल्यावर त्याचा आवाज पातळ झाला.

"मामाजी, मले सुई पाहूनच चक्कर येते."

"डोये मिटून घ्या, जवाईबुवा. मान हा डोये मिटूनच घ्याचा असते."

"पर माह्यं तपासाचं काय? आमाले दोन पोरी हायेत, करिश्माचं रक्त तर साफ निंघालं होतं."

हा प्रश्न नागसेनने सोडवला. धर्मेंद्रचा फोटो बघून तो म्हणाला, यांची साखर तपासतो, यांना तिचीच गरज दिसते. असं सगळं कायदेशीर झालं. फक्त माणिकबाईंना, म्हणजे केशवरावांच्या बायकोला, हे पटत नव्हतं. "अवो, धाकल्या जवायाले वंगाळ वाटन," त्या म्हणाल्या. "वाटाच पायजे," केशवराव म्हणाले. "नाही वाटलं तर आपन बुडालो."

धोंड्याचा दिवस उजाडला. ऊन असं, की अंगणातल्या कोंबड्या चोच उघडी टाकून पडलेल्या. दोन्ही लेकी, दोन्ही जावई आदल्या संध्याकाळीच आले होते. बैठकीच्या खोलीत एकच कूलर, आणि तो मधोमध ठेवलेला, दोन्ही जावयांना सारखी हवा लागेल असा. शेजारच्या बायकांना केशवरावांनी मुद्दाम सांगून ठेवलं होतं, आज काहीतरी पाहण्यासारखं आहे. त्या जरा लवकरच आल्या.

नागसेन डबा घेऊन आला तसे केशवराव उठले. भोवती रांगोळी काढलेला पाट मांडला. धर्मेंद्रला हाताला धरून त्यावर बसवलं. माणिकबाईंनी कुंकू लावलं. अंगावर शेला, डोक्यावर टोपी, हातात नारळ. केशवराव सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "यंदा आमच्या घरी जवायाचं रक्त तपासाचा मान सुरू केला. मानसाची तब्येत हेच खरं वान. थोरल्या जवायापासून सुरुवात."

धर्मेंद्रने डोळे घट्ट मिटले. सुई टोचली तेव्हा त्याने जो आवाज काढला, तो बायकांनी मोठेपणाचा हुंकार समजून घेतला. लगेच पहिल्या आंब्याच्या रसाची वाटी त्याच्या पुढ्यात आली. विपुल बाजूला बाजेवर बसला होता. बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर अजून काही नव्हतं.

एका शेजारणीने, कुणी न शिकवता, नेमका प्रश्न विचारला. "अन धाकल्या जवायाचं नाही का तपासाचं?"

"नाही नाही," केशवराव घाईघाईने म्हणाले. "ते धाकले हायेत. हा मान मोठ्यायचा."

विपुलने पाय हलवला. एवढंच. मग केशवरावांनी उठून शेवटचं अस्त्र काढलं. कूलर धरला आणि सरळ धर्मेंद्रकडे फिरवला. "रक्त देल्या मानसाले गार हवा लागते," म्हणाले.

विपुलच्या अंगावरची हवा गेली. जेठातलं अकोला जिल्ह्याचं ऊन ज्याने सोसलं आहे, त्याला मी यापुढे काही सांगायची गरज नाही. तो उठला, चपला घातल्या, बाहेर निंबाखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. आतून पानं वाढल्याची हाक आली. तो म्हणाला, "भूक नाही."

जावई रुसला! घरात धावपळ झाली. माणिकबाई हादरल्या, करिश्मा हादरली, शेजारणी मात्र पदर सावरून नीट बसल्या. केशवराव तोंड पाडून बाहेर गेले. ते तोंड त्यांना कसं जमलं, देव जाणे.

रुसलेल्या जावयाने पहिल्या समजावणीत मानायचं नसतं. केशवरावांनी अंगठी देऊ केली. विपुल गप्प. कापड देऊ केलं. गप्प. मोबाईल घेऊन देतो म्हणाले. विपुलने मान सुद्धा वळवली नाही.

"मंग काय पायजे, जवाईबुवा? सांगा तरी."

भिंतीकडूनच उत्तर आलं. "धर्मेंद्रभाऊले देलं ते."

"शेला का? आनतो ना."

"शेला नाही. सुई."

केशवरावांना आनंदाने ओरडावंसं वाटलं. त्याऐवजी त्यांनी कानाला हात लावला. "छा, छा! तुमच्या आईसाहेबाले आवडनार नाही. त्या दिवशी साफ नाही म्हनल्या होत्या. मले पुना बोलनं नाही खाचं."

"हात माहा हाय का आईचा?" विपुल म्हणाला आणि उठून आत आला.

पाट पुन्हा मांडला, कुंकू झालं, टोपी आली. नागसेनने मात्र सुई बाहेर काढली नाही. तो पाटासमोर बसला आणि शांतपणे बोलला. "भाऊ, त्यायची मी साखर तपासली. तुमची तपासाची तर सिकलसेलची तपासतो. तुमच्या घरवाली वाहक हायेत. तुमी बी निंघाले तर लेकराले धोका रायते, ते दोघायले आधी मालूम पायजे. ह्याचा मर्दानगीसंग काही संबंध नाही. रिपोर्ट तुमच्या हाती देईन, दुसऱ्या कोनाच्या नाही. नाही म्हनले तरी चालन. उठून जेवाले बसा."

आता सगळं उघडं पडलं होतं. केशवरावांना वाटलं, संपलं. हा उठतो आता, आणि पोरीला घेऊन दुपारच्या गाडीने जातो. विपुलने मान वर केली आणि दारात उभ्या असलेल्या पौर्णिमेकडे पाहिलं. पौर्णिमेने काही खूण केली नाही. ती फक्त उभी होती, दाराची चौकट धरून.

विपुलने बाही वर सरकवली. "टोचा," म्हणाला.

मग धोंडे झाले, रस झाला, वाण झालं, आणि निघताना जावयांच्या पाया पडण्याचा कार्यक्रमही झाला. नागसेनचा धर्मेंद्रच्या साखरेचा निरोप दुसऱ्याच दिवशी आला. ती इतकी वाढलेली होती, की वाणाचे अनारसे करिश्माने लगेच नणंदेच्या घरी पोचते केले. धर्मेंद्रने सासऱ्याला फोन करून एवढंच विचारलं, "मामाजी, मान पुढच्या धोंड्यात एकट्या धाकल्यालेच देता येईन का?"

विपुलच्या रिपोर्टला वेळ लागणार होता. केशवरावांनी नागसेनला दोनदा गाठलं, झेंडूची आख्खी टोपली पुढे केली. नागसेन म्हणाला, "काका, जवायाचा रिपोर्ट जवायाले." टोपली परत आली. त्या दिवसांत केशवरावांनी कुणाची खोडी काढली नाही. बाजारात एका व्यापाऱ्याने आपणहून स्वतःला फजितीच्या तोंडी दिलं, तरी ते नुसते हूं म्हणाले. व्यापारी घरी जाऊन बायकोला म्हणाला, केशवराव आजारी दिसतात. खरं तर ते एकच गोष्ट मागत होते. देवळात मागत होते, वांगी तोडताना मागत होते, गाडीत बसल्याबसल्या मागत होते. जावयाचं रक्त साफ निघू दे, बाकी काही नको.

एका दुपारी ते आणि माणिकबाई मळ्यात सांबाराच्या जुड्या बांधत होते. बांधावरून दोन माणसं येताना दिसली. विपुल आणि पौर्णिमा. बोलावणं नाही, आणायला गेलेला माणूस नाही, आधी फोनसुद्धा नाही. जावई असा आपल्या पायाने मळ्यात आलेला माणिकबाईंनी जन्मात पाहिला नव्हता. त्या चटकन उठून डोक्यावर पदर घ्यायला लागल्या. विपुल जवळ आला आणि बसायला पोतं अंथरायची वाट न बघता सरळ ढेकळांत बसला.

"मामाजी," तो म्हणाला, "माह्यात बी निंघालं."

केशवरावांच्या हातातली जुडी तशीच राहिली. एवढी खटपट केली, एवढं नाटक केलं, ते हे ऐकायला का? त्यांना वाटलं, आपण पोरीच्या संसारात हात घातला आणि तो मोडून हातात आला.

"अमरावतीले डॉक्टरबाईकडं जाऊनच आलो," विपुल सांगत होता. पौर्णिमा त्याच्याजवळ बसली. "त्या म्हनल्या, दर खेपेले चारात एक धोका, लेकराले आजार व्हाचा. बाकी तीन वाटा ठीक. दिवस गेले की पयल्या तीन मयन्यांतच तपासनी करता येते, नागपूरले. मंग काय करायचं ते दोघं मिळून ठरवाचं. घाई करू नका म्हनल्या. आमी नाही करत."

"जवाईबुवा," केशवराव म्हणाले, "मले माफ करा. म्या तुमाले फसवलं. तो मान, तो पाट, सगळं ढोंग होतं."

विपुल हसला. लग्नानंतर तो सासऱ्यासमोर पहिल्यांदाच एवढा मोकळा हसला.

"कूलर फिरवला तवाच समजलं मले. मी येडा नाही, मामाजी."

"मंग रुसले काहून?"

"तेच तर." विपुल एक ढेकूळ हातात फोडत राहिला. "मले पयल्या दिवसापासून भेव वाटत होता. आपल्यात निंघालं तर? म्हनून मी नाहीच म्हनत होतो. आई बी नाही म्हने, तर मले बरंच वाटे. मंग हिचं तोंड पाहून पाहून माह्यं मन फिरलं, पर घरी कोनत्या तोंडानं सांगाचं? सासऱ्यानं सांगितलं अन मी गेलो, म्हटलं तर आईनं घर डोक्यावर घेतलं असतं. तुमी पाट मांडला अन मले रस्ता भेटला. घरी जाऊन सांगितलं, तिथं मान होता, थोरल्याले देला, मले नाही देला, मी सोडन का? आई म्हने, बरं केलं. हक्काचं सोडाचं नाही."

केशवराव त्याच्याकडे बघतच राहिले. आयुष्यभर जावयांना हातावर नाचवलं, आणि या कमी बोलणाऱ्या पोराने त्यांच्याच नाटकात घुसून आपलं काम करून घेतलं होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्यांनी त्याला खांद्यावर घेऊन गावातून फिरवलं असतं.

तेवढ्यात विपुलचा फोन वाजला. मैनाबाई. विपुलने एकदा पौर्णिमेकडे पाहिलं आणि स्पीकर चालू केला.

"काय निंघालं रे?" आवाज बांधापलीकडेही ऐकू गेला असेल.

"आई, पौर्णिमात जे हाय, तेच माह्यात हाय. तिच्याइतकंच. ना कमी, ना जास्त."

मग मैनाबाई म्हणाल्या, "तिच्याकडून लागलं असन तुले."

"हे लागत नाही, आई. जन्मापासून असते. माह्यात तुह्याकडून आलं नाहीतर बाबाकडून. डॉक्टरबाईनं तुमा दोघायले बी बोलावलं."

"मले? मले काय झालं?"

"मी बी हेच म्हने," विपुल म्हणाला.

मैनाबाई गप्प झाल्या. त्या मोठ्या आवाजाच्या बाईचं गप्प बसणं पौर्णिमेला सवयीचं नव्हतं. तिने मान खाली घातली. मग फोनमधून हळू आवाज आला, "पोरगी कुठं हाय? बरी हाय ना ती?" आणि लगेच जुना आवाज परतला, "पर आता नातवाचं काय? मी मेल्यावर पाळना बांधान का?"

विपुल काही बोलायच्या आत केशवराव फोनवर वाकले.

"ईनबाई, मी केशवराव. उद्या मी तुमच्याकडं जेवाले येतो."

माणिकबाईंच्या हातून जुड्या सुटल्या. लेकीला मूल झाल्याशिवाय बापाने तिच्या घरचा घास खायचा नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही त्यांच्या घरातली पिढ्यांची रीत. चांदूर बाजारला त्या दिवशी गेले, तेव्हाही केशवराव स्टँडवरचा चहा पिऊन परतले होते.

"आं?" मैनाबाई म्हणाल्या. "अन नातू व्हाच्या आधी? रीत काय म्हनते?"

"रीत काय म्हनाची ते म्हनन. नातू यीन तवा यीन, नाही आला तर नाही. तवरोक माह्या लेकीच्या घरी मी भुका रावू का?"

पलीकडून डबे उघडल्याचा आवाज आला.

"पिठलं चालन का?" मैनाबाईंनी विचारलं.

"चालन. तिखट कमी टाकाल तर."

"तिखट काही कमी होनार नाही," मैनाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

डॉक्टरबाईंसमोर पौर्णिमा रडली नव्हती. अमरावतीहून पातूरपर्यंत, दोन गाड्या बदलताना, रडली नव्हती. आता तिने तोंडाला पदर लावला आणि ती हमसून हमसून रडली. विपुलने तिच्या पाठीवर हात ठेवला, सासूसासऱ्यांच्या देखत. केशवरावांनी सांडलेल्या जुड्या गोळा केल्या, त्यातल्या चांगल्या चार निवडल्या आणि ओल्या फडक्यात बांधून लेकीच्या पिशवीत टाकल्या, पिठल्यावर घालायला.